पारदर्शक पांढरा रंग का नसतो?

मागच्या व्याख्यानात आपण एका जुन्या वादाची ओळख करून घेतली. रंग वस्तूत असतो, की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत? आजही वाद तोच आहे, फक्त आज तो जलरंगाच्या कागदावर मांडून पाहायचा आहे. आम्ही चित्रकार नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण चित्रकार मंडळी ज्या अडचणी रोज हातानं सोडवतात, त्यांतल्या काही आमच्या लोकांना ग्रंथ लिहूनही सुटलेल्या नाहीत. म्हणून हा विषय घेतला.

जलरंगांची पेटी आठवा. बारा ट्यूब असतात, त्यांत एक पांढरी. आणि पारदर्शक जलरंग शिकवणारे बहुतेक शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात, की ती पांढरी ट्यूब बाजूला ठेव. मुलगा विचारतो, मग ढग कसा काढू? उत्तर येतं, ढग काढायचा नाही. आकाश काढ आणि ढगाची जागा सोड. मुलाला हे गंमतीचं वाटतं, थोडं अन्यायाचंही वाटतं. पेटीत रंग आहे आणि तो वापरायचा नाही! या बंदीच्या मागे नेमकं काय आहे, ते आज बघू.

आधी वॉश म्हणजे काय ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत ब्रश कधीच न धरलेले बरेच असणार. जलरंगात तीन गोष्टी असतात: रंगाची अगदी बारीक पूड, तिला कागदाला धरून ठेवणारा डिंक आणि पाणी. वॉशमध्ये पाणी भरपूर घेतात. कागद आधी भिजवून बोर्डवर ताणून चिकटवतात, म्हणजे नंतर फुगे येत नाहीत. बोर्डाला थोडा उतार देतात. भरलेला ब्रश वरच्या कडेनं आडवा ओढला, की त्या पट्ट्याच्या खालच्या काठाला रंगाचं पाणी थबकून राहतं. पुढचा पट्टा त्या थबकलेल्या पाण्याला स्पर्श करत ओढायचा, म्हणजे ते पाणी खाली उतरतं आणि दोन पट्ट्यांतला सांधा दिसत नाही. शेवटी तळाशी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशानं टिपून घ्यायचं. अर्धवट वाळलेल्या जागेवर परत ब्रश नेला तर मात्र नवं पाणी जुना रंग ढकलतं आणि कोबीच्या फुलासारखी कड असलेला डाग पडतो. तो डाग निस्तरणं फार कठीण. म्हणून एक थर पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच दुसरा. या कलेत हात आवरून बसणं बरंच असतं.

आता प्रकाशाचा प्रवास पाहू. खिडकीतून आलेला प्रकाश त्या पातळ थरातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो, परत फिरतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येऊन आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे थर एक, पण प्रवास दोन वेळा. हिशेबासाठी धरा, की थरातून एका वेळी 100 पैकी 80 भाग प्रकाश पार होतो आणि कागद जवळजवळ सगळा प्रकाश परत देतो. जाताना 80 उरले, येताना त्यांचे 64. तसाच दुसरा थर चढवला की 41 उरतात, तिसऱ्याला 26. आकडे आपण धरलेले आहेत, पण चाल खरी आहे. प्रत्येक थर प्रकाशातून काहीतरी वजा करतो, भर कधीच घालत नाही. पिवळ्या थरावर निळा थर दिला तर हिरवा दिसतो, याचं कारणही हेच. पिवळ्यानं आपला वाटा काढून घेतला, निळ्यानं आपला, आणि दोघांच्याही तावडीतून सुटलेला प्रकाश हिरवा असतो. अपारदर्शक रंगात असं होत नाही. तिथे वरचा रंग खालच्याला झाकून टाकतो आणि खालच्याची गोष्ट संपते.

म्हणजे पारदर्शक जलरंगाच्या चित्रात उजेडाचं भांडवल काय ते कागदाचं. चित्रकार फक्त खर्च करतो.

इथून आमचा प्रांत सुरू होतो. लुडविग विट्गेनश्टाइन हे विसाव्या शतकातलं मोठं नाव. एप्रिल 1951मध्ये केंब्रिजला ते वारले. शेवटच्या दीड-एक वर्षात, कर्करोगानं आजारी असताना, या माणसानं रंगांवर टिपणं लिहिली. ती 1977मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. हिरवी पारदर्शक काच असते, लाल असते, पिवळी असते. मग पारदर्शक पांढरी काच का नसते? प्रश्न मुळात एका चित्रकाराच्या पत्रातून निघालेला आहे. फिलिप ओटो रुंगे या जर्मन चित्रकारानं 1806मध्ये गटे यांना पत्र लिहिलं. पारदर्शक रंग वेगळे आणि अपारदर्शक वेगळे, पांढरा नेहमी दुसऱ्या गटात, असं त्यात मांडलं होतं. गटे यांनी ते पत्र 1810च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात छापलं. विट्गेनश्टाइन ते वाचून अडकले.

त्यांचं उत्तर घरी करून बघता येतं. हिरव्या बाटलीची सपाट काच घ्या आणि छापील पानावर धरा. पांढरा कागद हिरवा दिसेल, काळी अक्षरं काळीच राहतील. रंगीत पारदर्शक वस्तूचा हा नियमच म्हणा ना: पांढरं तिच्या रंगाचं दिसतं, काळं काळंच राहतं. आता याच नियमात पांढरी काच घाला. पांढरा कागद पांढरा दिसेल, काळी अक्षरं काळी. म्हणजे ती काच साध्या बिनरंगी काचेपेक्षा कशातच वेगळी ठरणार नाही! आणि अक्षरं जर करडी, पुसट दिसली, तर आपण तिला पारदर्शक म्हणणार नाही. धुकं म्हणू, बटर पेपर म्हणू, दुधाळ काच म्हणू. ‘पारदर्शक’ आणि ‘पांढरा’ हे दोन शब्द एका वस्तूवर एकदम बसवायला गेलं, की त्यांतला एक निसटतो.

विट्गेनश्टाइन यांचा आग्रह असा, की ही पदार्थविज्ञानाची बाब नाही, रंगाच्या आपल्या संकल्पनांचं हे तर्कशास्त्र आहे. उद्या एखादा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पारदर्शक पांढरा पदार्थ तयार करील, असं म्हणण्यालाच अर्थ नाही, कारण तो कसा दिसेल हे आपल्याला सांगताच येत नाही.

यातला तर्क आम्हाला पटतो, पण पदार्थविज्ञानाला असं दाराबाहेर उभं करणं पटत नाही. कारण पदार्थविज्ञान इथे एक भलतीच सुंदर गोष्ट सांगतं. खडीसाखरेचा स्वच्छ खडा घ्या, आरपार दिसतं. तोच कुटून पिठीसाखर करा, पांढरी शुभ्र होते. त्यात पांढरं काही मिसळलं का? नाही. साखर तीच. फक्त आता एका खड्याऐवजी हजारो कण आहेत, कणाकणांमध्ये हवा आहे, आणि प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा वळतो, थोडा उलटतो. इतक्या वळणांनंतर तो सगळीकडून सारखा बाहेर पडतो आणि आपण म्हणतो, पांढरं. कागदाचंही तेच. त्यातले तंतू जवळजवळ बिनरंगी असतात. पांढरेपणा तंतू आणि हवा यांच्या असंख्य सीमांचा असतो. भजी बांधलेला कागद आठवा. तेल लागलं तिथे कागद पारदर्शक होतो. कारण तेल हवेची जागा घेतं. हवेचा वक्रीभवनांक 1, तंतूंचा साधारण 1.5, तेलाचा 1.47च्या आसपास. तेल आणि तंतू जवळपास सारखे, मग सीमाच पुसली जाते, प्रकाश न अडता पार होतो. भिंतीला चुना लावलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ठाऊक आहे. ओला असताना चुना झाकत नाही, मालक कुरकुर करतो, आणि दुसऱ्या दिवशी वाळला की भिंत पांढरी.

तेव्हा पांढरा आणि पारदर्शक हे एकाच द्रव्याच्या दोन अवस्था असू शकतात. अखंड असेल तर पारदर्शक, मोडलं की पांढरं. दोन्ही अवस्था एकाच वेळी, एकाच जागी पूर्णपणे कशा असणार? विट्गेनश्टाइन यांच्या तर्काला इथे शरीर मिळतं.

या ठिकाणी आपल्या नैयायिकांना बोलावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण त्यांचं म्हणणं वरवर पाहता अगदी उलट आहे. तर्कसंग्रह पाहा. रूपाचे सात प्रकार सांगितल्यावर तिथे म्हटलंय, की पृथ्वीत सातही रूपं असतात. पाण्याचं रूप मात्र शुक्ल, तेही अभास्वर शुक्ल, म्हणजे न चमकणारं पांढरं. आणि तेजाचं भास्वर शुक्ल, चमकणारं पांढरं. पाणी पांढरं! आणि पाणी तर आरपार दिसतं. म्हणजे विट्गेनश्टाइन ज्याला अशक्य म्हणतात ते नैयायिकांच्या मते रोज माठात भरलेलं असतं.

नैयायिक काही भोळे नव्हते. आक्षेप त्यांनी स्वतःच घेतला आहे. यमुनेचं पाणी काळसर-निळं दिसतं, त्याचं काय? न्यायसिद्धान्तमुक्तावलीचं उत्तर असं, की तो रंग पाण्याचा नव्हे, आश्रयाच्या उपाधीमुळे तसा भासतो. पुरावा? तेच पाणी आकाशात उडवा, पांढरं दिसेल. (पाण्याची चव मधुर असते, असंही हे लोक म्हणतात. त्याचा पुरावा म्हणून हिरडा खाऊन वर पाणी पिऊन बघायला सांगतात. हे आवळ्यानं आपण सगळ्यांनी केलेलं आहे.)

या उडवलेल्या पाण्यापाशी जरा थांबू. पावसाळ्यात आंबोलीला किंवा माळशेजला धबधबा बघा. वरच्या डोहात पाणी आरपार किंवा मातकट, आणि कड्यावरून कोसळताना दुधासारखं. निरीक्षण अचूक आहे. आज आपण त्याचं कारण वेगळं सांगू: पाणी फुटलं, थेंब झाले, थेंबाथेंबात हवा शिरली, सीमा वाढल्या. पिठीसाखरेचीच गोष्ट. नैयायिक म्हणाले, उडवल्यावर पाण्याचा लपलेला रंग उघडा पडतो. आपण म्हणतो, उडवल्यावर तो तयार होतो. पण पारदर्शकता आणि पांढरेपणा यांचं जवळचं नातं आहे, हे त्यांनी अचूक हेरलं होतं, आणि तेही नदीच्या काठावर उभं राहून. त्याहून मोलाचा वाटतो तो भास्वर आणि अभास्वर हा भेद. दिव्याचा पांढरा आणि भिंतीचा पांढरा एक नव्हे. न्यायग्रंथ चित्रकलेविषयी बोलत नाहीत. हा भेद आपण उसना घेतोय. पण चित्रकाराची सगळी अडचण या भेदात मावते. कागद अभास्वर आहे, आणि त्यातून दिवा दाखवायचा आहे.

आता पांढऱ्या ट्यूबकडे परत. ती वॉशमध्ये वापरली तर काय होईल? पांढऱ्याचे कण प्रकाश पार जाऊ देण्याऐवजी विखुरतात. पातळ केला तरी त्याचा स्वभाव सुटत नाही. झाकणं कमी होतं, पण धुकटपणा राहतो. काळ्यावर पातळ पांढरा दिला तर निळसर, राखी पडदा दिसतो. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उदबत्तीचा धूर निळसर दिसतो तसा. आणि इतर रंगात मिसळला तर त्या रंगातून कागदापर्यंत जाणारी वाट बंद होते. प्रकाश वरच्यावरच परततो. म्हणून शिक्षक ट्यूब बाजूला ठेवायला सांगतात.

पण याला धर्माज्ञा समजू नये, हेही सांगायला हवं. आपल्याकडची लघुचित्रं, मुघल घ्या, पहाडी घ्या, दख्खनी घ्या, पाण्यात कालवलेल्या रंगांचीच आहेत, आणि ती बहुतांशी अपारदर्शक रंगात आहेत. तिथे पांढरा हा राजरोस रंग आहे. दागिन्यांतले मोती तर पांढऱ्याचे उंचवटे ठेवून केलेले असतात. जलरंग म्हणजे पारदर्शकच, ही समजूत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, कला शाळांतून रुजली. आणि खुद्द इंग्लंडमध्येही भांडणं होतीच. विन्सर अँड न्यूटन कंपनीनं 1834मध्ये जस्ताच्या भस्माचा ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आणला. मग तो वापरणं म्हणजे लबाडी की सोय, यावर पुढे बरीच शाई खर्ची पडली. आमच्या मते लबाडी वगैरे काही नाही. पण खेळ बदलतो. पांढरा नंतर लावता येत असेल, तर आधी ठरवण्याची गरज उरत नाही.

आणि आधी ठरवणं हाच या कामाचा कणा आहे. तैलरंगात चमक शेवटी ठेवतात. पितळी भांडं पूर्ण रंगवून झालं, की त्यावर एक पांढरा ठिपका. जलरंगात तो ठिपका पहिल्या मिनिटाला माहीत असावा लागतो, कारण त्याच्याभोवती सगळं चित्र वळसा घालून जाणार असतं. ब्रश त्या जागेवरून एकदा गेला की ती जागा गेली. ओल्या ब्रशानं रंग उचलता येतो, पात्यानं कागद खरवडता येतो, टर्नरनं खरवडण्याचा भरपूर उपयोग केला आहे. पण खरवडलेली जागा आणि सोडलेली जागा यांत फरक राहतो. तैलरंगातही पारदर्शक थर असतात. व्हान आयकसारखे चित्रकार पांढऱ्या अस्तरावर तेलात कालवलेल्या रंगाचे पातळ थर एकावर एक देत, आणि तिथली माणकं-मखमल आतून पेटल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच. नियम तोच. पण तिथे चुकलं तर वरून झाकायची सोय आहे, म्हणून ताण तेवढा नाही.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे आपल्याकडचे जलरंगाचे मोठे उस्ताद. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. 1940च्या दशकाच्या मध्याचं हे चित्र. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. ते रविवर्म्यांचं नाही आणि तैलरंगातलंही नाही, जलरंगातलं आहे. साडी नेसलेली एक मुलगी हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं ज्योत सांभाळते आहे. हळदणकरांची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. या चित्रात बघण्याजोगी गोष्ट अशी, की ज्योत आपल्याला समोरून दिसतच नाही. ती तळव्याआड आहे. आपल्याला दिसतो तो चेहऱ्यावरचा उजेड आणि बोटांची लाली. दिव्यापुढे हात धरला की बोटांच्या कडा लालसर होतात, हे आपण वीज गेल्यावर कितीदा तरी पाहिलेलं असतं. प्रकाश कातडीतून, रक्तातून पार होऊन येतो. म्हणजे ते बोट हाच एक वॉश झाला! पातळ रंगीत पडदा आणि मागे उजेड. चित्रकारानं असा विषय निवडलाय, की जे त्या बोटांत घडतंय तेच कागदावरच्या रंगात घडतंय. भास्वर पांढरा कागदावर आणता येत नाही. मग तो तळव्यामागे ठेवला आणि त्याचे परिणाम तेवढे दाखवले. आम्हाला हे चित्र गोडगोड वाटत नाही, ते याच कारणानं.

बंगालमध्ये या वॉशला वेगळंच वळण लागलं. जपानी विचारवंत ओकाकुरा 1902मध्ये कलकत्त्यात होते. त्यांच्या प्रेरणेनं 1903मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोघे चित्रकार तिथे आले. ताइकान कागद ओला ठेवत काम करतात हे अवनींद्रनाथ टागोरांनी पाहिलं, आणि ते एक पाऊल पुढे गेले: रंग दिलेलं चित्रच्या चित्र पाण्यात बुडवायला लागले. सुटा रंग वाहून जातो, कागदात मुरलेला राहतो. वाळवायचं, परत रंग, परत पाणी. असं पुन्हा पुन्हा केल्यावर कडा विरघळतात आणि सगळं एका मंद, ओलसर हवेत तरंगायला लागतं. 1905ची त्यांची ‘भारतमाता’ याच पद्धतीची. तिच्या चार हातांपैकी एकात शुभ्र वस्त्र आहे. पण या पद्धतीत कोरा कागद म्हणावा असा फारसा उरत नाही. प्रत्येक बुडीबरोबर थोडा थोडा रंग सगळीकडे बसतो. टीकाकारांनी या धुकटपणाची थट्टाही केली. स्वदेशीच्या काळातली ही प्रतिमा जपानी हातोटीतून आली, याची तेव्हा कुणाला अडचण वाटली नाही. आशिया एक आहे, असं ओकाकुरांचं म्हणणंच होतं.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. हा भाग आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण तो आपल्यातल्या काहींच्या घरातल्या भिंतींशी संबंधित आहे.

थर पातळ असतो म्हणून उजेड कागदापर्यंत पोचतो, हे आपण पाहिलं. पण याचाच अर्थ असा, की उजेड थरातल्या प्रत्येक कणापर्यंत पोचतो. जाड थरात वरचे कण खालच्यांना सावली देतात; इथे सावली द्यायला कुणी नाही. आणि काही रंग उजेडानं मरतात. इंग्लंडमध्ये यावर इतका वाद पेटला, की रसेल आणि अॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी सरकारी विभागासाठी प्रयोग करून 1888मध्ये अहवाल दिला. रंगवलेल्या पट्ट्या उन्हात ठेवून त्यांनी दाखवलं, की कोचिनील किड्यापासून केलेला कार्मिन, नीळ असे कित्येक लाडके रंग उडतात, आणि त्यात उजेडाच्या जोडीला हवा आणि ओल यांचाही हात असतो.

नीळ म्हणजे आपली इंडिगो. तिचं उदाहरण फार बोलकं आहे. इंग्रज निसर्गचित्रकार ढगांचा करडा रंग करायला नीळ आणि लोहयुक्त तांबडी माती एकत्र करत. वर्षांमागून वर्षं भिंतीवर गेली, नीळ उडाली. माती कुठे उडते, ती राहिली. करडे ढग तांबूस झाले. पावसाळी दुपारीची संध्याकाळ झाली म्हणा ना. पाहणाऱ्याला वाटतं, काय सुंदर सूर्यास्त! चित्र खराब झालंय हे कळतसुद्धा नाही, कारण जे उरलं तेही सुंदरच आहे. मागच्या वेळचा आपला प्रश्न इथे नव्यानं उभा राहतो. या चित्राचा रंग कोणता? आज दिसतो तो? चित्रकारानं लावला तो? तो तर आता कुठेच नाही. फार तर फ्रेमच्या कडेखाली झाकलेल्या बोटभर पट्टीत असेल.

हेन्री वॉन नावाच्या लंडनच्या संग्राहकाला हे कळत होतं. त्यानं टर्नरची 38 जलरंगचित्रं 1900 साली मृत्युपत्रानं एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला दिली. अट घातली, की ती फक्त जानेवारी महिन्यात दाखवायची आणि तीही विनामूल्य. जानेवारीच का? कारण तिथे त्या महिन्यात उजेड सगळ्यांत मंद असतो. उरलेले अकरा महिने चित्रं अंधारात. अट आजही पाळली जाते आणि लोक थंडीत जाऊन ती पाहतात. कुणी म्हणेल, न दिसणारं चित्र ठेवून उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. आपल्याला वाटतं पाहणं निर्धोक असतं, पाहण्यानं वस्तूचं काही जात नाही. इथे जातं. प्रत्येक पाहण्याला किंमत आहे आणि ती चित्र मोजतं.

आकडे सांगतो. कागदावरच्या अशा कामांसाठी संग्रहालयं साधारण 50 लक्स एवढाच उजेड ठेवतात. आपल्या घरात खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा 2,000 लक्स सहज असतात. थेट ऊन असेल तर आकडा लाखाच्या घरात जातो. नुकसान ढोबळमानानं उजेड गुणिले वेळ असं धरतात. म्हणजे खिडकीजवळचा एक तास हा संग्रहालयातल्या 40 तासांएवढा. आजोबांच्या हातचं किंवा एखाद्या जुन्या चित्रकाराचं निसर्गचित्र दिवाणखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर 30 वर्षं टांगलेलं असेल, तर त्याचं काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून काही साध्या गोष्टी. चित्र उतरवा आणि जिथे थेट ऊन कधीच येत नाही अशा आतल्या भिंतीवर लावा. कागद काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटचं अंतर हवं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित मागा, फ्रेमवाल्याला तो माहीत असतो, नसला तर दुसरा फ्रेमवाला बघा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर ती भिंत टाळा. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, तिनं फायदा होतो, पण तिच्या भरवशावर उन्हात टांगू नका, कारण दिसणारा उजेडही रंग उडवतोच. दोन-तीन चित्रं असतील तर आलटूनपालटून लावा, बाकीची फोल्डरमध्ये आडवी ठेवा. आणि उडालेला रंग कुणी ‘टच-अप’ करून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. पारदर्शक थरावर नवा थर दिला की तो थरांच्या बेरजेत कायमचा मिसळतो. त्याला वेगळं काढता येत नाही.

शेवटी एक प्रश्न लेखी आलाय, तो घेऊ आणि थांबू. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की मग मूळ चित्रं अंधारात ठेवून आपण मोबाइलवरच का पाहू नयेत, तिथे तर रंग उडतही नाहीत. प्रश्न चांगला आहे, आणि आज तुम्ही हळदणकरांचं चित्र तसंच पाहिलंत. पण लक्षात घ्या, मोबाइलच्या पडद्यावरचा पांढरा स्वतः प्रकाश देतो. नैयायिकांच्या भाषेत तो भास्वर आहे. कागदाचा पांढरा अभास्वर. हळदणकरांनी न चमकणाऱ्या कागदावर दिव्याचा उजेड दाखवला, ती सगळी करामत पडद्यावर फुकट जाते, कारण तिथे सोडलेली जागाही पेटलेली असते आणि रंगवलेलीही. तेव्हा मोबाइलवर जरूर पाहा, वारंवार पाहा. म्हैसूरला गेलात तर मूळ चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा, आणि तिथे फ्लॅश मारू नका.

पुढच्या वेळी काळ्याकडे वळू. काळा पारदर्शक असू शकतो का, यावर थोडा विचार करून या. उन्हाळ्यात डोळ्यांवर लावायचा काळा चष्मा घरात असेलच.